कॅलिपर नवा, तरी चाक गरमच? जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये या चुका टाळा

माझ्या जुन्या गाडीचं पुढचं उजवं चाक तापायला लागलं तेव्हा मी फार डोकं लावलं नाही. रिमजवळ हात नेला की धग लागायची, जळका वास यायचा, गाडी उजवीकडे ओढायची. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबून चाक थांबवणारा भाग, जाम झाला असणार, दुसरं काय! नवा आणला, अर्धा दिवस घालवून बसवला, एअर (ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा) काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. दोष निघाला होज पाइपचा, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणाऱ्या रबरी नळीचा. बाहेरून ठणठणीत, पण आतलं रबर सुजून भोक बुजत आलेलं. पाय दाबला की जोरामुळे ऑइल पुढे घुसायचं, पाय उचलल्यावर मात्र परत यायला वाटच नाही. जुना कॅलिपर बिचारा निर्दोष होता.

म्हणून पहिली चूक हीच: आरोपी न तपासता शिक्षा. तपासायला दहा मिनिटं पुरतात. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाशेजारी बसू नका), ब्रेक दाबून सोडा आणि चाक हातानं फिरवून पाहा. धरून बसलं असेल तर कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या तोटीला) नळी लावून ते थोडं सैल करा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर आत दाब अडकलाय, म्हणजे कॅलिपर ठीक असण्याचीच शक्यता जास्त. निपल बंद करा, पुन्हा ब्रेक दाबून सोडा आणि या वेळी होज जिथे लोखंडी पाइपला जोडलाय तो जोड सैल करा. आता चाक सुटलं तर घोटाळा वर, मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग). नाही सुटलं तर होज. आणि सुरुवातीला निपल उघडूनही चाक ढिम्म हललं नसेल, तर मात्र पॅड ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम आहेत.

ओढण्याच्या दिशेवरूनही अंदाज येतो. ब्रेक न लावता गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरत असू शकतो. ब्रेक लावल्यावरच ओढत असेल तर बहुधा विरुद्ध बाजूचा कॅलिपर कामच करत नाहीये. लोक नेमका ओढणाऱ्या बाजूचा उघडून बसतात.

पिनांकडे सहसा कुणी बघत नाही. बहुतेक गाड्यांत कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच धक्क्यानं सगळा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. पिना सुकल्या की हे सरकणं थांबतं, मग एक पॅड संपलेला आणि दुसरा जवळपास नव्यासारखा दिसतो. असे पॅड हातात आले तर नवे टाकून मोकळे होऊ नका. पिना बाहेर काढून गंज घासा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळसं लावा. भोक ग्रीसनं ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते. काही गाड्यांत दोन पिना दिसायला सारख्या असून एकीच्या टोकाला रबराची बाही असते. त्यांची अदलाबदल नको.

कपाटातलं साधं ग्रीस इथे चालत नाही. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो खरं, पण ते तेल नव्हेच, आणि या नावानंच बरेच घोटाळे होतात. त्याच्या प्रती डॉट आकड्यांनी ओळखतात: डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ग्लायकॉल जातीचे, डॉट 5 सिलिकॉनचं. डॉट 5 बाकीच्यांत मिसळायचं नाही. आकडे जवळचे म्हणून डॉट 5 आणि 5.1 भावंडं समजू नका. खनिज तेल किंवा त्यापासून केलेलं ग्रीस ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं.

कॅलिपर आतून गंजतो तोही या द्रवामुळेच. ग्लायकॉलचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोऱ्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो, पाणी मुरल्यावरच्या चाचणीत तो 155 पर्यंत उतरलेला चालतो. उतारावर ब्रेक वापरून वापरून तापलेलं ऑइल उकळतं, त्याची वाफ दबते, म्हणून पेडल मऊ पडतं. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला.

रबर किट टाकून जुनाच कॅलिपर वाचवायचा असेल तर पिस्टन नखानं चाचपा. सीलमधून (पिस्टनभोवतीच्या रबरी कड्यातून) सरकणाऱ्या भागावरचा मुलामा सोललेला असेल तर तो पिस्टन गेला. सील बसते त्या खाचेत मात्र नीट डोकवा. पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. चौकोनी काटाचं ते रबर पिस्टनसोबत किंचित पिळतं आणि पाय सुटला की मूळ आकारात येताना त्याला मागे खेचतं. खाचेत गंज साठला की रबर पिस्टनला आवळून धरतं, आणि नवं सील टाकूनही फरक पडत नाही.

बसवतानाच्या चुका पटापट सांगतो. निपल आणि होजचा बोल्ट, दोन्ही कॅलिपर जागेवर असतानाच सैल करून बघा, सुटा कॅलिपर हातात धरून ते जमत नाही. काढलेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं वर बांधा. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. होजला पीळ पडू देऊ नका. बोल्ट तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनं (आवळायच्या ठरलेल्या जोरानं) आवळा. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो, क्लॅम्पनं दाबलात तर आतली यंत्रणा मोडेल.

एअर निघता निघत नाही, पेडल स्पंजासारखं लागतं? आधी निपल कुठे आहे ते बघा. ते वरच्या बाजूलाच हवं. डावा कॅलिपर उजवीकडेही बसतो कधीकधी, मग निपल खाली जातं आणि वर साठलेली हवा बाटलीभर ऑइल ओतूनही निघत नाही.

आणि एअर काढताना जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंज साठतो. रबर त्यावरून गेलं की फाटतं आणि कॅलिपरच्या कामात मास्टर सिलिंडर बदलायची वेळ येते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवलात की भागलं.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागतच नाही, आणि ते गेटबाहेर पडल्यावर कळून उपयोग नाही. मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून परत या आणि दोन्ही बाजूंच्या रिमजवळ हात नेऊन बघा, धग सारखी लागतेय का.