गिटारच्या सोलोत तीच ती लिक हाताला येते तेव्हा

पाचव्या फ्रेटवरचा (गिटारच्या दांड्यावरच्या पाचव्या खणातला) ए मायनर पेंटॅटॉनिकचा बॉक्स, म्हणजे पाच सुरांच्या स्केलची बोटांची ठेवण, बहुतेकांच्या हातात बसलेला असतो. बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) सुरू झाला की बोटं आपसूक पहिल्या दोन, म्हणजे सगळ्यात बारीक, तारांवर जातात, आठव्यावरून पाचव्यावर उतरतात आणि तिसऱ्या तारेवर एक बेंड (तार ओढून सूर चढवणं) होतो. दोन मिनिटांत लिकची, म्हणजे पाठ झालेल्या तुकड्यांची, पोतडी रिकामी! मग नवं स्केल शोधायची घाई होते, पण त्या स्केलमध्येही बोटं तीच वळणं घेतात. सूर कमी पडत नाहीत, हाताची सवय आड येते. म्हणून थोडे दिवस हाताची अडवणूक करायची.

आधी कॉर्डचा एक लूप (पुन्हा पुन्हा वाजणारी साथ) करून ठेवा: ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येकी एक बार (चार ठोके), टेम्पो मिनिटाला ८० ठोके. पुढचं जवळजवळ सगळं यावरच.

पहिले दहा मिनिटं फक्त दुसरी तार. तिच्यावर याच स्केलचे सूर १, ३, ५, ८, १० आणि १३ या फ्रेटवर मिळतात. पाचवरून आठवर जायला हात सरकवावाच लागतो, म्हणून स्लाइड येते आणि वाजवणं गळ्याच्या जवळ जातं. स्लाइड पुढे घसरत असेल तर नजर बोटावर असते. ती पोचायच्या फ्रेटवर ठेवा. मध्येच आवाज मरत असेल तर सरकताना दाब सुटतोय.

मग कॉर्डकडे कान द्या. प्रत्येक कॉर्डचा तिसरा सूर (मूळ सुराला एक धरून स्केलमध्ये मोजलेला) पाचव्या फ्रेटच्या आसपासच आहे: ए मायनरला सी (तिसरी तार, ५), एफला ए (चौथी तार, ७), सीला ई (दुसरी तार, ५) आणि जीला बी (तिसरी तार, ४). सुरुवातीला हे चारच सूर, बारच्या पहिल्या ठोक्यावर एकेक. नंतर मधली जागा भरायची, पण ठोक्यावर त्या सुरावरच उतरायचं. बी आपल्या नेहमीच्या बॉक्समध्ये नाही, म्हणून जीवर तो आला की सोलो एकदम उजळतो. मात्र तो धरून ठेवलात आणि पुढचा कॉर्ड आला तर लटकतो. सीवर सोडवा, अर्धाच सूर, म्हणजे एकच फ्रेट, वर आहे.

बेंड बेसूर असेल तर कल्पना कितीही चांगली असो, वाया जाते. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट पूर्ण सुराने (दोन फ्रेटइतका) ओढला की ई यायला हवा. दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवून ताडून बघा. बहुतेकांचा बेंड थोडा खालीच राहतो, कारण एकट्या अनामिकेवर भार पडतो. मागे मधलं बोट आणि तर्जनीही लावा, आणि जोर मनगटातून येऊ द्या.

आता श्वास. दोन बार वाजवा, दोन बार गप्प. वाजवाल ते तोंडाने गुणगुणत वाजवा. दम संपला की वाक्य संपलं. बी. बी. किंग ओळ गात आणि मग गिटारने तिला उत्तर देत. तसे सवाल-जवाब एकट्यानेही करता येतात. गप्प बसायचे दोन बार फार लांब वाटतात. तिथे हात चुळबुळला तरी तारेला लावू नका.

लयीतून कल्पना काढायची तर आपल्याकडे तिहाई आयतीच आहे. पाच सुरांचा तुकडा, मग एक जागा रिकामी, असं तीनदा: ५+१+५+१+५, म्हणजे १७. दोन बारमध्ये आठव्या भागाचे (एका ठोक्यात दोन) १६ सूर बसतात, त्यामुळे सतरावा बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर, पडतो. तुकडा असा: तिसऱ्या तारेवर ५, ७, दुसरीवर ५, परत तिसरीवर ७, ५. सीच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर सुरू केलात तर शेवटचा सूर, म्हणजे सी, ए मायनरवर येऊन बसतो. रिकाम्या जागेत घाई झाली तर सम आधीच येते. पाय ठोकत राहा आणि तार हाताने दाबून आवाज पूर्ण बंद करा.

नवं स्केलच हवं असेल तर मूर्च्छनेने, म्हणजे सूर तेच ठेवून षड्ज बदलून, शोधा. सी, डी, ई, जी, ए हा राग भूप. तेच सूर एला षड्ज मानून वाजवले की राग धानी होतो, म्हणजेच आपला मायनर पेंटॅटॉनिक. ईला षड्ज मानलं तर मालकंस. हेच एवर हवं असेल तर दहाव्या फ्रेटवरचा डी मायनर पेंटॅटॉनिकचा बॉक्स घ्या, पण मुक्काम एवर करा: दुसऱ्या तारेचा दहावा किंवा पाचव्या तारेचा बारावा फ्रेट. इथे मात्र लूप बंद. ए मायनर कॉर्डमधला ई मालकंसाच्या कोमल धैवताला, म्हणजे एफला, टोचतो. तानपुऱ्याचं ॲप एवर लावा आणि पंचमाऐवजी मध्यम ठेवा. डी हे घर वाटायला लागलं तर मालकंस निसटला; पुन्हा एवर येऊन थांबा.

हे सगळं फोनवर रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. हाताला काय करायचं होतं तेच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी ऐकून आवडलेला एकच तुकडा निवडा आणि तो ए, सी आणि ई या तीन पट्ट्यांत, प्रत्येक वेळी वेगळ्या तारेवरून सुरू करून बसवा.