घरच्यांना कार्डाचा खर्च आपोआप दाखवताय? मग आधी हे सेटिंग करून घ्या

हल्ली बऱ्याच घरात हे चालू झालंय. पोरगा पुण्यात शिकायला, त्याच्या कार्डाचे मेसेज बाबांच्या मोबाईलवर, नवरा-बायकोला एकमेकांचे अलर्ट, आई-वडील वयस्कर असतील तर त्यांच्या खात्याचे मेल मुलीला. सोय आहे यात वादच नाही, रात्री दोन वाजता आईच्या कार्डावरून कोणी चाळीस हजार उडवले तर ती झोपलेली असताना तुम्ही कार्ड ब्लॉक करू शकता. पण एकदा आपोआप सुरू केलं की कुठला खर्च दाखवायचा आणि कुठला नाही हे ठरवायची संधीच मिळत नाही, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

म्हणून मोबाईल हातात घ्यायच्या आधी समोरच्याला नक्की काय कळायला हवंय ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर तीनपैकी एक असतं: महिन्याला किती जातायत, काही फसवणूक तर झाली नाही ना, किंवा ठरवलेल्या रकमेच्या वर तर जात नाही ना. यातल्या एकालाही रोजची प्रत्येक ओळ लागत नाही. आपण मात्र सरळ सगळंच देऊन टाकतो कारण ते सेटिंग सोपं असतं.

आता एका ओळीत काय काय असतं बघा. रक्कम, तारीख, दुकानाचं नाव, बऱ्याचदा शहर, आणि मेसेज असेल तर वेळसुद्धा. रकमेपेक्षा ते नावच जास्त बोलतं. फर्टिलिटी क्लिनिकचे आठशे रुपये, मानसोपचारतज्ज्ञाची फी, नोकरी बदलायचं अजून कुणालाच सांगितलं नाहीये आणि बंगलोरचं तिकीट. मेडिकलमध्ये कुठलं औषध घेतलं ते स्टेटमेंटमध्ये येत नाही, फक्त मेडिकलचं नाव येतं, पण मग संध्याकाळी फोन येतोच "काय गं, बरं नाही का?" आणि आता तर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे आधी कार्डावर फक्त मोठी खरेदी दिसायची तिथे आता टपरीवरचा चहासुद्धा दिसतो. दर गुरुवारी त्याच कॅफेत कोण जातं हे शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही. शिवाय हा खर्च फक्त तुमचा नसतो, मैत्रिणीच्या दवाखान्याचे पैसे तुम्ही भरले असतील तर तिची गोष्टही तुमच्या सासूबाईंपर्यंत पोचली, आणि तिला कोणी विचारलं पण नव्हतं.

आता पद्धती सांगते, सगळ्यात वाईट आधी.

नेटबँकिंगचा पासवर्ड देणं, कार्डाचा पिन सांगणं, ओटीपी फोनवर वाचून दाखवणं. घरात सर्रास चालतं. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं की ग्राहकाने स्वतः अशी माहिती दुसऱ्याला दिली आणि त्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. तिथे "भावालाच दिला होता" म्हणून सूट नाही. पीडीएफ स्टेटमेंटचंही तेच, बऱ्याच बँकांचा पासवर्ड नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख असा असतो, म्हणजे घरच्यांसाठी तो पासवर्ड नाहीच.

दुसरी वाईट पद्धत म्हणजे सगळे एसएमएस पुढे पाठवणारी अ‍ॅप. अँड्रॉइडवर एसएमएसची परवानगी दिली की अ‍ॅप सगळे एसएमएस वाचू शकतं, फक्त बँकेचे असं वेगळं बटण नसतं. म्हणजे ओटीपीपण गेले, लॅबच्या रिपोर्टचे मेसेजपण गेले. खर्चाचा हिशोब ठेवणारी काही अ‍ॅपही याच परवानगीवर चालतात, तेव्हा ते अ‍ॅप ती माहिती मोबाईलमध्येच ठेवतं की स्वतःच्या सर्व्हरवर नेतं एवढं तरी वाचा. आयफोनवर अ‍ॅपना एसएमएसचा इनबॉक्स वाचताच येत नाही, त्यामुळे तिथे हा धोका कमी.

त्यापेक्षा मेलचं फिल्टर बरं. जीमेलमध्ये सेटिंगमधून फॉरवर्डिंगमध्ये समोरच्याचा पत्ता टाका, त्याच्याकडे कन्फर्मेशन कोड जाईल, तो भरला की मग फिल्टर बनवा. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचा फक्त अलर्ट पाठवणारा पत्ता, आणि "हे शब्द नसलेले" या रकान्यात ओटीपी, पासवर्ड, व्हेरिफिकेशन हे शब्द इंग्रजीत. फॉरवर्डिंगच्या पानावरचा "सगळे मेल फॉरवर्ड करा" असला पर्याय चुकूनसुद्धा निवडू नका. आणि चालू करायच्या आधी बँकेचा एक जुना अलर्ट उघडून नीट वाचा, काही बँका त्यात शिल्लक किंवा उरलेली लिमिट पण छापतात. पोराला कळवायचं होतं तीनशे रुपये गेले, कळलं काय तर खात्यात किती आहेत. अजून एक, काही बँकांत अलर्ट किती रकमेपासून पाठवायचे ते ठरवता येतं. आईच्या खात्यासाठी ही सोय असेल तर पाच हजारांच्या वरचेच अलर्ट घ्या, फसवणूक बरीचशी पकडली जाईल आणि तिच्या भाजीचा हिशोब तिच्याकडे राहील.

अ‍ॅड-ऑन कार्ड, म्हणजे तुमच्याच क्रेडिट कार्डावर घरच्या माणसाच्या नावाचं जादा कार्ड, दिलंत तर वेगळं काही सेटिंगच लागत नाही, त्याचा खर्च मुख्य कार्डधारकाच्या स्टेटमेंटमध्ये येतोच आणि बिल भरायची जबाबदारीही त्याचीच. पण हे दिसणं एकतर्फी असतं. नवऱ्याच्या कार्डावर बायकोचं अ‍ॅड-ऑन असेल तर त्याला तिचं सगळं दिसतं, तिला त्याचं दिसेलच असं नाही. ज्या घरात पैशावरून आधीच धाक आहे तिथे हे कार्ड म्हणजे सोय नाही, पाळत आहे. अशा वेळी स्वतःच्या नावाचं एक साधं खातं, डेबिट कार्ड आणि अलर्ट स्वतःच्याच नंबरवर, एवढं बाजूला असलंच पाहिजे, यावर माझी चर्चेची तयारी नाही.

शिकणाऱ्या मुलांसाठी मला यूपीआय सर्कल सगळ्यात बरं वाटतं. 2024 ला आलं. मुख्य माणूस पाच जणांना जोडू शकतो, पैसे त्याच्याच खात्यातून जातात. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला जास्तीत जास्त 15,000 आणि एका वेळेला 5,000, आणि अर्धवट मुभा दिली तर प्रत्येक पेमेंटला मुख्य माणसाने पिन टाकून मंजुरी द्यायची. इथे बाबांना व्यवहार दिसतात, पण फक्त बाबांच्या पैशांचे. पोराने शिकवण्या घेऊन कमावलेले पैसे त्याच्या खात्यात, त्याचं काय करतो ते त्याचं तो बघेल. अर्धवट मुभेच्या भानगडीत मात्र पडू नका, कॅन्टीनमध्ये रांगेत उभं राहून बाबांनी मिटिंगमधून मंजुरी द्यायची वाट बघणं म्हणजे दोघांनाही ताप.

मित्रांबरोबर? आपोआप काहीच नको. फ्लॅटचं भाडं, गॅस, ट्रिप हे सगळं स्प्लिटवाइज या खर्च वाटून घ्यायच्या अ‍ॅपवर हाताने टाकायचं, त्यात जेवढं टाकाल तेवढंच दिसतं. मित्रांना खर्च आपोआप दाखवायचा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय. ब्लिपी नावाच्या साइटवर लोक स्वतःहून कार्ड जोडून खरेदी सगळ्यांना दाखवायचे, आणि एप्रिल 2010 मध्ये काही जणांचे पूर्ण कार्ड नंबर गुगलच्या सर्चमध्ये सापडले, कारण बँकेकडून येणारी कच्ची ओळ पानाच्या कोडमध्ये राहून गेली होती. मग व्हेन्मो, तिकडचं एकमेकांना पैसे पाठवायचं अ‍ॅप. 2021 मध्ये पत्रकारांनी चक्क तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांचं खातं तिथे दहा मिनिटांच्या आत शोधून काढलं, मित्रांची यादी सगळ्यांना दिसत होती म्हणून. तिकडे राहणाऱ्यांनी आजच प्रायव्हसीमध्ये जाऊन डिफॉल्ट "प्रायव्हेट" करा, पण तेवढ्याने जुने व्यवहार झाकले जात नाहीत, त्यासाठी खाली "पास्ट ट्रान्झॅक्शन्स" मध्ये वेगळं बदलावं लागतं आणि मित्रांची यादी लपवायचं सेटिंग आणखी वेगळं आहे.

आणि कायद्याच्या भरवशावर राहू नका. आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही, म्हणजे चुलतभावाने तुमच्या स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला तर या कायद्याखाली काही होणार नाही, काकूंकडेच तक्रार करा.

बंद कसं करायचं ते मात्र सुरू करतानाच ठरवा. कारण सहा महिने सगळं दिसत होतं आणि एके दिवशी मेसेज यायचे थांबले, तर ते थांबणं हीच बातमी होते. "काय लपवतोयस?" म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका की हे मार्चपर्यंत किंवा डिग्री होईपर्यंत, आणि घरच्या खर्चाला एक कार्ड ठेवा, तेवढंच शेअर करा. स्वतःचं दुसरं कार्ड आहे हे लपवू नका, फक्त त्याचा हिशोब द्यायचा नाही. सरप्राइज गिफ्ट, डॉक्टर, स्वतःची पुस्तकं सगळं त्यावर. तारीख आली की जीमेलमधलं फिल्टर आणि फॉरवर्डिंगचा पत्ता दोन्ही काढा, यूपीआय सर्कलमधून नाव काढा, आणि बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर नक्की कोणाचा आहे ते एकदा बघा, बऱ्याच आयांच्या खात्याला अजून मुलाचा नंबर असतो आणि त्यांचे ओटीपी तिकडेच जात असतात.