काळ्या मातीतला डीएनए: प्रोजेक्टला येणाऱ्यांसाठी

मातीत कोणते जिवाणू आणि बुरशी आहेत ते त्यांच्या डीएनएवरून ओळखणं, हा आपला प्रोजेक्ट. लॅबमध्ये येणारी मुलं आधी विचारतात, ‘मॅडम, सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) कुठल्या मशीनवर?’ मशीनचं नंतर बघू. माती काढायचं गिरमिट कशाने धुतलंत ते सांगा. नुसत्या स्पिरिटने जंतू मरतात, त्यांचा डीएनए तिथेच चिकटून राहतो. ब्लीच लावा, मग स्वच्छ पाण्याने धुवा.

वावरात पालापाचोळा बाजूला सारून, नागमोडी चालत ८-१० ठिकाणची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या, एकत्र कालवा. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा. असे निदान ३ स्वतंत्र नमुने हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? इथवर सगळं माती परीक्षणासारखंच. फक्त ही माती सावलीत वाळवायची नाही. थेट आईसबॉक्समध्ये, लॅबमध्ये आल्यावर उणे ८० अंशांत.

खरा घोळ पुढे आहे. आपल्या काळ्या रानातली स्मेक्टाइट चिकणमाती डीएनए घट्ट धरून ठेवते. पाव ग्रॅम माती डीएनए काढायच्या किटच्या नळीत मण्यांबरोबर घुसळली की पेशी फुटतात, पण सुटलेला डीएनए मातीच गिळते आणि हाती जेमतेम काही लागतं. अशा वेळी बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, साय काढलेल्या दुधाची पावडर घालतात. हो, दूध पावडरच! तिच्यातली प्रथिनं चिकणमातीवरच्या जागा आधी अडवतात. पण पावडरीत गाईचा आणि जिवाणूंचाही डीएनए असतो. म्हणून मातीविना, नुसती पावडर घातलेली एक नळी सिक्वेन्सिंगपर्यंत सोबत न्या. ती वाचवून पैसे वाचवू नका.

काढलेल्या डीएनएचं द्रावण कोऱ्या चहासारखं तांबूस दिसलं तर कुजलेल्या पाल्याचं ह्यूमिक आम्ल सोबत आलंय, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडणार. १० पट पातळ करून पीसीआर पुन्हा लावा, बऱ्याचदा तेवढ्यावर जेलवर डीएनएची रेघ, म्हणजे बँड, येतो.

कोण आहे ते ओळखायला डीएनएचा ठरावीक तुकडा वाचतात: जिवाणूंसाठी १६एस जनुकाचा व्ही४ भाग, बुरशीसाठी आयटीएस हा तुकडा. रीड्स (मशीनने वाचलेले तुकडे) डाडा२ या सॉफ्टवेअरमधून गाळा. नावं जिवाणूंची सिल्व्हा, बुरशीची युनाइट या डेटाबेसशी जुळवा. व्ही४ म्हणजे जेमतेम २५० अक्षरं, त्यावर प्रजातीचं (स्पीशीज) नाव क्वचितच खात्रीने लागतं. वंशापर्यंत (जीनस) पोचलात तरी पुष्कळ.

शिवाय मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मातीत टिकून असतो आणि एकेका जिवाणूत १६एसच्या १ पासून १५ पर्यंत प्रती असतात. तेव्हा अहवालात ‘२० टक्के जिवाणू’ लिहून आणलंत तर मी खोडणार. ‘२० टक्के रीड्स’ लिहा.