दम लागतो म्हणणाऱ्या पेशंटला नीट कसं तपासायचं

गावाकडच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा छोट्या क्लिनिकमध्ये नव्यानं बसणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहितेय. पेशंट आला, दम लागतो म्हणाला, छातीत सुंईसुंई ऐकू आलं की कागदावर "दमा" लिहायचं आणि इंजेक्शन टोचून घरी पाठवायचं, हे प्लीज थांबवा. त्या एका शब्दावर माणूस वर्षानुवर्षं चुकीची औषधं खात राहतो.

आधी नीट विचारा. पुरुषाला बिडी-सिगारेट आपण विचारतोच, पण बाईला चुलीचं कुणी विचारत नाही. किती वर्षं चूल फुंकली, लाकूड की गोवऱ्या, घरात गॅस आलाय पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं का? जन्मात बिडीला हात न लावलेल्या बायकांनाही या धुरानं सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) होतो. कामाचं विचारा (खाण, क्रशर, कापसाची जिनिंग), कबुतरं आहेत का विचारा, आणि आधी टीबी होऊन गेलाय का तेही, कारण टीबी बरा झाला तरी फुप्फुस खराब राहू शकतं. दम किती लागतो हे मोजायला साधा प्रश्न आहे, "मावशी, सपाट रस्त्यावर तुमच्या वयाच्या बाईबरोबर चालताना मागे पडता का?" हो म्हणाल्या तर ते हलक्यात घेऊ नका.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बाकी काहीही वाटलं तरी थुंकी तपासायला पाठवाच, सरकारी दवाखान्यात फुकट होते. पायाला सूज असेल, रात्री झोपेतून दम लागून उठून बसावं लागत असेल तर हार्टचं बघा, ईसीजी काढा. हिमोग्लोबिनही बघा, आपल्याकडे निम्मा दम कधीकधी तिथेच सापडतो.

स्टेथो पुढे लावून सोडू नका, पाठीवर अगदी खाली लावा. तिथे श्वास आत घेताना वेल्क्रोची पट्टी उचकटल्यासारखा बारीक आवाज आला तर तो आयएलडी (फुप्फुसाच्या आतल्या जाळीचा आजार) असू शकतो, त्याला एचआरसीटी (फुप्फुसाचं बारकाईचं सीटी स्कॅन) लागतं, पंपावर पंप (इनहेलर) बदलून काही होत नाही. नखं बघा. नुसत्या सीओपीडीत नखं फुगत नाहीत, फुगलेली दिसली तर कॅन्सर, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंदावणं), आयएलडी डोक्यात आणा.

आणि मग स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं. तुमच्याकडे मशीन नसेल तर तालुक्याला पाठवा पण करा. पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं आणि किमान 6 सेकंद फुंकत राहायचं, शेजारी उभं राहून "अजून अजून अजून" ओरडावं लागतं, नाहीतर रिपोर्टला अर्थ नाही. मग सालब्युटामॉलचे 4 पफ (400 मायक्रोग्रॅम) स्पेसरने (पंपाला लावायच्या नळकांड्याने) द्या, 15 मिनिटं थांबा, परत फुंकवा. त्यानंतरही एफईव्ही1 (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आणि एफव्हीसी (एकूण फुंकलेली हवा) यांचं गुणोत्तर 0.7 च्या खाली असेल आणि हिस्टरी जुळत असेल तर सीओपीडी. एफईव्ही1 12 टक्के आणि 200 मिली दोन्हीनं वाढला तर दम्याकडे झुकतं.

ट्रीटमेंटमध्ये सगळ्यात जास्त वेळ पंप शिकवण्यात घालवा, माझं हे ठाम मत आहे. "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. पंप त्यांच्या हातात द्या आणि बघत बसा. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट, दाबतानाच सावकाश खोल ओढायचं, 10 सेकंद रोखायचं. रोटाकॅपचं (उपकरणात घालून पावडर ओढायची कॅप्सूल) उलटं, ती जोरात ओढायची. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट खरंच असतात! स्टेरॉइडचा पंप असेल तर चूळ भरायला सांगा. "पंपाची सवय लागते" ही भीती घरच्यांना समोर बसवून काढा.

सीओपीडीचा अटॅक असेल तर प्रेडनिसोलोन 40 मिग्रॅ 5 दिवस, बेडका पिवळा-हिरवा आणि जास्त झाला असेल तर अँटिबायोटिक. ऑक्सिजन मात्र मोजून, 88 ते 92 टक्के पुरे, 100 दिसावं म्हणून फ्लो वाढवला तर कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. गुंगी येतेय, ओठ निळे पडलेत, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, तर वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलला पाठवा.

पुढच्या भेटीला पंप सोबत आणायला सांगा आणि परत ओढून दाखवायला लावा, महिन्याभरात पद्धत बिघडलेली असते.