एका तांब्यात पूर्ण वजू कसा करायचा

एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. आमच्याकडं पोराटोरांनापण हे माहितीय. तरी मशिदीत वजूला, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला बसलो आणि नळाला पाणी दिसलं की आपण सगळं विसरतो, नळ धो धो चालू आणि बाजूच्याशी गप्पा. मी एकदा घरी नळाखाली बादली ठेवून वजू केला तर निम्मी बादली भरली हो! बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या) संग्रहांत आहे की हुजूर, म्हणजे पैगंबर सल्लल्लाहू अलैहि वसल्लम एक मुद पाण्यात वजू करायचे, मुद म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, हनफी पंथाच्या हिशोबानं थोडं जास्त. म्हणजे घरातला एक तांब्याच की.

माझी दादी टोटीच्या लोट्यानं करायची, बधना म्हणतो आम्ही. अंगणात मेंदीच्या झाडापाशी दगडावर बसायची, करंगळीएवढी धार, आणि वजू झाला तरी लोट्यात घोटभर पाणी उरलेलं असायचं.

तर पद्धत अशी (हनफी). नियत करा (मनात वजूचा इरादा धरा), बिस्मिल्लाह म्हणा, मनगटापर्यंत हात धुवा, मग चूळ, मग नाकात पाणी. यातच लोक अर्धा तांब्या संपवतात, चुळीला ओंजळ कशाला लागते, उजव्या तळव्यात मावेल तेवढं बास होतं. मग चेहरा, केस उगवतात तिथपासून हनुवटीखालपर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत. मग हात कोपरासकट, आधी उजवा. इथं एक युक्ती सांगतो, पाणी ओतायच्या आधी ओला हात कातडीवरून फिरवून घ्या, उन्हानं कोरडी पडलेली कातडी पाणी धरत नाही आणि मग आपण ओततच राहतो. पण नुसतं पुसून चालत नाही बरं, पाणी वाहून थेंब पडलेच पाहिजेत. डोक्याचा मसाह, म्हणजे डोक्यावरून हात फिरवणं, ओल्या हातानंच होतो, त्याच हातानं कान. शेवटी पाय घोट्यासकट, बोटांच्या फटीत करंगळी फिरवून.

तीन-तीनदा धुणं सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे, फर्ज (सक्तीचं) एकदाच. चेहरा, हात, डोक्याचा मसाह आणि पाय, कुराणातल्या सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत हे चार सांगितलेत. टँकर आठ दिवसाला येत असेल तर एकेकदा धुवा, वजू पूर्ण होतो, मनात शंका ठेवू नका. तीनच्या वर मात्र कधीच नको.

पाणी वाचवताना जागा कोरडी राहायला नको. भाकरी थापलेलं पीठ नखाशी वाळून बसतं ते आधी काढा, पाणी खाली पोचत नाही. अंगठी हलवा. आणि टाचा! शेतात राबणाऱ्यांच्या टाचांना भेगा असतात, घाईत मागची बाजू तशीच राहते, हदीसमध्ये कोरड्या टाचांबद्दल लई कडक ताकीद आलीय.

जोहरचा (दुपारच्या नमाजचा) वजू तुटला नसेल तर असरला (त्यानंतरच्या नमाजला) परत करायची गरज नाही. वजूचं पाणी परातीत धरून झाडाला घाला, त्यानं दुसरा वजू होत नाही पण ते नापाक (अशुद्ध) नसतं.

आणि घरात फक्त पिण्यापुरतं, जनावरांपुरतं पाणी उरलं असेल तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीनं शुद्धी करा, ते पाणी वजूत घालू नका. नियत करून पाक मातीवर नाहीतर दगडावर दोन्ही तळवे टेकवा, झटका, पूर्ण चेहऱ्यावर फिरवा, परत टेकवून दोन्ही हात कोपरासकट. अंगठी काढायची. काळ्या मातीचं ढेकूळपण चालतं. शेणानं सारवलेली भिंत मात्र चालत नाही, राख नाही, लाकूड नाही. नमाज झाल्यावर टँकर आला तर ती नमाज परत पढायची नाही, पुढच्या नमाजला मात्र वजू करायचा.