पीएमपीला महापालिका किती पैसे देते, हे कसे शोधावे

2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र करून पीएमपीएमएल (पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजेच पीएमपी) ही बससेवा चालवणारी कंपनी स्थापन झाली, आणि तिकिटांतून न भरून निघणारा खर्च दोन्ही महापालिकांनी 60:40 या प्रमाणात उचलायचा असे ठरले. हा खर्च शोधण्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘संचलन तूट’ हे शब्द पाहावेत. केवळ ‘अनुदान’ शोधणाऱ्याच्या हाती अपुरा आकडा लागण्याची शक्यता असते. नव्या बसखरेदीची रक्कम भांडवली खर्चात असल्यास ती तुटीत मिळवू नये. तरतूद म्हणजे दिलेले पैसे नव्हेत. म्हणून मागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना आधी वाचावा, कारण खरी गोष्ट बहुधा तिथेच असते.

अंदाजपत्रकातून उलगडा न झाल्यास माहिती अधिकारात ‘जोडपत्र अ’ हा अर्जाचा नमुना भरून त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवावा. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. ‘तूट का वाढली?’ असे विचारण्यापेक्षा ‘अमुक आर्थिक वर्षात पीएमपीएमएलला दिलेल्या रकमा, तारखांसह’ अशी नोंदींची मागणी करावी. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते.