बोलतो एक, घरात दुसरंच: उपासना मंडळात हे कसं निभवायचं

नाशिकला गंगापूर रोडवर आमचं छोटंसं उपासना मंडळ आहे, दर रविवारी दहाबारा जण जमतो, मूर्ती नाही, जातपात नाही, तुकोबांचे अभंग आणि थोडा वेळ शांत बसणं. तरी अधूनमधून कोणाचं ना कोणाचं बाहेर येतंच, मुलीचं स्थळ बघताना "जातीतलंच हवं" म्हणाले वगैरे. अशा वेळी काय करायचं ते लिहितोय.

लगेच ढोंगी म्हणून मोकळं होऊ नका. न्यायमूर्ती रानडे आपल्या जिल्ह्यातलेच, १८४२ चा निफाडचा जन्म. मूर्तिपूजा न मानणाऱ्या, सुधारणावादी प्रार्थना समाजातलं मोठं नाव, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, आणि पहिली बायको गेल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या हट्टापुढे नमून स्वतः ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. लोकांनी टीका केली, करायलाच हवी होती. पण त्यांनी सुधारणेचं काम सोडलं नाही, घरातल्या बायकांचा विरोध असताना रमाबाईंना शिकवलं, पुढे रमाबाईंनीच पुण्यात सेवासदन ही बायकांसाठीची संस्था उभी केली. म्हणून ती चूक धुतली गेली असं मला अजिबात वाटत नाही. दोन्ही गोष्टी एका दमात बोलता आल्या पाहिजेत, बस.

मग सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता, कान तुटलेला, सिंकवरच्या खिडकीत उपडा घातलेला. रविवारी मी "सगळे समान" म्हणायचो आणि सोमवारी मावशींना त्याच कपात चहा. मंडळात हे सांगितलं तेव्हा कोणी उपदेश केला नाही, एक काकू हळूच म्हणाल्या, आमच्याकडेपण आहे.

"चालायचंच, जग असंच आहे" हे मात्र कोणाला बोलू देऊ नका, त्याने सगळं तिथेच संपतं. पुढच्या रविवारपर्यंत करता येईल अशी एकच गोष्ट ठरवा. मी तो कप काढला. आईला अजून पटलेलं नाही, मावशी गेल्या की ती कप परत घासते, तिच्याशी मी भांडत नाही पण वेगळा कपही परत आणत नाही. आणि मारहाण, पैशाची फसवणूक असलं काही असेल तर ते मंडळात मिटवायचं नाही, सरळ पोलिसात जायचं.

शेवटचं, मंडळात कबूल केलं म्हणजे माफी मागून झाली असं नसतं. ज्याला लागलं त्याच्यासमोर जाऊन बोलायचं. मला तीन आठवडे लागले. मावशी म्हणाल्या, "माहितीये मला, सगळीकडंच असतो." चहा संपवला आणि फरशी पुसायला गेल्या.